बिननावाचा ड्रॅगन

जनावराची पारख मला कळते, असं आमच्याकडं सगळे म्हणतात. सगळे म्हणजे मी धरून चार-पाच जण. माझे वडील खिलार बैलांचे जाणकार होते. दात, खूर, शेपटीचा गोंडा आणि अंगावरचा भोवरा एकदा बघितला की बैल औताला कसा चालेल हे ते लांबूनच सांगायचे. त्यांच्या मागं बाजारातनं हिंडून मलाही थोडंफार कळायला लागलं. पुढं मी कारखान्याच्या शेतकी खात्यात लागलो, उसाच्या फडातनं हिंडण्यात जन्म गेला, पण अजून गावात कुणी गाय आणली की मला बोलावणं येतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जी चूक मी केली ती या जाणकारीतूनच केली. अडाणी माणसाच्या हातून ती झालीच नसती.

तर आमची ही, म्हणजे माझी बायको, ड्रॅगन पाळते. पन्नाशीला टेकलेली बाई, पंचवीस वर्षं पोस्टाच्या काउंटरवर बसलेली, कुणाच्याही लग्नात पंगत वाढायला पहिली उभी राहणारी. हिच्या मोबाइलात चौदा ड्रॅगन आहेत असं पाहुण्यांना सांगितलं तर त्यांना वाटतं मी थट्टा करतोय.

इंटरनेटवर त्यांचं एक ठिकाण आहे. तिथून अंडं आणायचं आणि लोकांना दिसेल असं मांडून ठेवायचं. आठवड्याच्या आत पुरेशा अनोळखी माणसांनी येऊन बघितलं तर ते तडकतं, नाही बघितलं तर मरतं. पिल्लाचंही तसंच. मोठा झाला की ड्रॅगन तुमच्या दावणीला कायमचा. दावण हा माझा शब्द. खरं तर ती बोटभर चित्रं असतात, जागची हलतसुद्धा नाहीत. आमच्या लेकीनं दहावीत असताना हा खेळ सुरू केला आणि पुण्याला गेली तेव्हा आईला म्हणाली, मम्मी, तेवढी दोन अंडी जगव. लेक विसरून गेली. आई सहा वर्षं जगवतेच आहे.

मी तिची लय टिंगल केली. चहा घेताना रोज विचारायचो, आज कुणाला ताप आला का, कुणी वैरण टाकली का. ती हसायची आणि वहीत लिहीत बसायची. तिची दोनशे पानी वही होती आणि त्यात प्रत्येक ड्रॅगनला एक पान. कारण ते चित्र नुसतं चित्र असतं. ते खात नाही, ओरडत नाही, लाथ मारत नाही. स्वभाव काय तो आपण द्यायचा, आणि तो देण्यात ही बाई इतकी वेळ घ्यायची की मला त्याचं नवल वाटायचं. घरातली भाजी निवडायला तिला पाच मिनिटं पुरतात. एका ड्रॅगनला राग कशाचा येतो हे ठरवायला मात्र तिला दोन महिने लागायचे.

एकदा तिनं आपणहून मला वाचून दाखवलं होतं. एका जुन्या करड्या ड्रॅगनचं पान होतं. त्यात लिहिलं होतं, याला उघडं पेन दिसलं की टोपण लावल्याशिवाय चैन पडत नाही; स्वतःला लिहिता येत नाही, पण दुसऱ्याची शाई वाळू नये असं याला वाटतं. मी विचारलं, हे कुठनं काढलंस? तर पोस्टात पेन्शनला येणारे एक सुभेदार होते. ते काउंटरवरच्या सगळ्या पेनांना टोपणं लावून मग रांगेत उभे राहायचे. दुसऱ्या एका ड्रॅगनीचं नाव तिनं दुपार ठेवलं होतं, कारण ती कुणाच्या अध्यात ना मध्यात, आणि तिसरी कुठंही गेली तरी रांग कुठाय ते आधी विचारायची. मी तेव्हा हसलो. पण पुढच्या वेळी पोस्टात गेलो तेव्हा माझं मलाच कळलं नाही, मी काउंटरवरच्या पेनाला टोपण लावलं.

आता आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. विकायच्या जनावराला आमच्यात नाव ठेवत नाहीत. गोठ्यात कालवड झाली, ती ठेवायची असली तर पाचव्या-सहाव्या दिवशी तिला हाक सुरू व्हायची. विकायची असली तर ती नुसती कालवड. आम्ही पोरं चोरून नावं ठेवायचो आणि मार खायचो. वडील म्हणायचे, ठेवायचं असंल त्यालाच हाक मारा रं. एकदा हाक मारली की दावं सोडताना हात कापतो. ही रीत माझ्या हाडात बसलेली आहे.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी ती पोस्टात जायला निघाली होती आणि दारातच थांबली. म्हणाली, "आवं, जरा माझ्या डोळ्यात बघता का? खालनं काळा पडदा वर आल्यावानी दिसतंय." मी बघितलं तर डोळा बाहेरून चांगला होता. दुपारपर्यंत पडदा बुबुळापर्यंत आला. सांगलीला गेलो. डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या आतला पडदा सुटलाय, उद्याच ऑपरेशन. हा तिचा उजवा डोळा. डावा लहानपणापासूनच अधू, त्याला मोठमोठे आकार तेवढे दिसतात. म्हणजे एवढा उजवा गेला की पोस्ट गेलं, वही गेली, आमची तोंडं गेली. हे डॉक्टरांनी सांगितलं नाही, पण आम्हा दोघांना न सांगता कळलं.

ऑपरेशन झालं. डोळ्यात हवेचा फुगा सोडला होता आणि तो फुगा पडद्याला दाबून धरणार होता. त्यासाठी तिनं बारा दिवस पालथं झोपायचं, बसली तरी मान खाली. जेवणं आणि न्हाणीघरात जाणं सोडून मान वर नाही. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, मान वर राहिली तर पडदा परत सुटेल, आणि मग मला फार काही करता येणार नाही. दवाखान्याजवळच एक खोली भाड्यानं घेतली. आडवं पडायची सवयच नसलेली ही बाई. मी तिच्या जुन्या लुगड्याची चुंबळ केली, घागरीखाली घेतात तशी, आणि उशीवर ठेवली. त्यात कपाळ टेकलं की नाक मोकळं राहायचं.

चुंबळीतूनच तिनं मला मोबाइल दिला. "अंडी मरू देऊ नगा. तीन हायती. रोज सकाळी उठलं की मांडायची. कसं ते पोरीला इचारा."

मी लेकीला फोनवर विचारलं, शिकलो, पहिल्या दिवशी अंडी मांडली. दुसऱ्या दिवशी सगळी दावण बारकाईनं बघितली. बघितली म्हणजे माझ्या डोळ्यांनी, बाजारात बघतात तशी. चौदा जनावरं. तेरांना नावं, चौदाव्याला नाव नाही, नुसती पाच अक्षरांची खूण. तीन वर्षांचं जनावर आणि अजून पिल्लूच. रंग मातकट, पंख आखूड, मान तिरकी. मनात म्हणलं, खुरटलेलं दिसतंय, आणि नाव नाही म्हणजे हिनं ते घालवायचंच ठरवलंय. बिचारीला पोस्टातून सवड मिळाली नसेल.

तिथं अदलाबदलीचं एक पान असतं. मी त्या पिल्लाला तिथं उभं केलं. तासाभरात कुणीतरी बदल्यात दोन द्यायला तयार झालं, चांदीसारखी निळसर, उभ्या मानेची जोडी. तिथं पिल्लाला मोठं न होऊ देता तसंच बाळ ठेवता येतं, आणि अशी जुनी पिल्लं जमवणारी माणसं असतात, हे मला नंतर कळलं. तेव्हा वाटलं, समोरच्याला पारख नाही. मी बटण दाबलं. वडील असते तर त्यांनी पाठीवर थाप मारली असती, असंही मनात येऊन गेलं. आज ते आठवलं तरी कानशील तापतं.

ही बातमी तिला सांगावी म्हणून खुर्ची ओढून बसलो, तेवढ्यात चुंबळीतून आवाज आला. "आवं, त्यो बिननावाचा काय करतोय?"

तिनं बाकी कुणाचंच विचारलं नाही. दुपारचं नाही, टोपणवाल्याचं नाही, अंड्यांचंही नाही. तिच्या आवाजातच मला कळलं की मी काय करून बसलोय. आणि मी माणूस असा की शेतकी खात्यात वीस वर्षं शेतकऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या, पण एकदाही खोटं बोललो नाही. तो मी म्हणालो, "हाय की. हाक मारली, तसा लगीच आला."

मला वाटलं, झोप लागली. थोड्या वेळानं म्हणाली, "मग?"

त्या 'मग'मुळं मी पुढचे दहा दिवस अडकलो. दुसऱ्या दिवशी ती वैतागली होती. मला न्हाई जमायचं, मान तुटली माझी, म्हणत तिनं हातावर जोर देऊन उठायला सुरुवात केली. मी घाबरून काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "आज त्यानं कारखान्याची चिमणी बघितली." ती तशीच थांबली. मग हळूच कपाळ चुंबळीत टेकवलं. "आन्?"

आणि काय, हे मलाच माहीत नव्हतं. मी सांगत गेलो. त्याला वाटलं, आपल्यातलाच कुणी थोरला तिथं उभा आहे. एवढा उंच, न हलता धूर सोडतोय. म्हणून हा रोज सकाळी चिमणीपुढं जाऊन उभा राहायचा आणि तसाच धूर काढायचा सराव करायचा. निघायची नुसती उचकी. तरी हा लाजून घरी यायचा नाही, थोरल्यानं बघितलं नसेल असं म्हणून परत फुंकायचा. मग गळीत हंगाम संपला. चिमणी गार पडली. याला वाटलं, थोरला आजारी आहे. तेव्हापासून हा तिच्या पायथ्याशी जाऊन बसायला लागला, पालथा, अंगाची ऊब तिला लागावी म्हणून.

एवढं सांगेपर्यंत दोन तास गेले आणि त्या दोन तासांत तिनं मान हलवली नव्हती. मी आयुष्यात बायकोशी सलग दोन तास कधी बोललो नव्हतो. तिला माझी पावलं तेवढी दिसत असतील, तीही अधू डोळ्यानं. मला तिच्या पाठीवरची वेणी दिसत होती. अशा बोलण्याला मला अडचण वाटत नव्हती, याचं मलाच आश्चर्य वाटलं. आणि त्याच वेळी आठवत होतं, ज्याच्याविषयी बोलतोय तो दावणीला नाही.

आठव्या दिवशी लेक पुण्याहून दिवसभरासाठी आली. तिला आईजवळ बसवून मी गाडी धरून घरी, रहिमतपूरला आलो, कपडे न्यायला आणि उसाला पाणी सोडलंय का बघायला. कपाटात साड्यांखाली वही दिसली. मी उभ्या उभ्याच उघडली. तेरा पानांवर नीट, पोस्टाच्या पावतीवर लिहावं तशा सरळ अक्षरात तेरा स्वभाव. चौदावं पान खाडाखोडीनं भरलेलं.

'घाबरट' लिहून खोडलं होतं. 'रुसका' लिहून खोडलं होतं. मधे एक ओळ होती, हा घाबरट नाही, याला घाई नाही एवढंच. मग, हाक मारली की येत नाही. हाक मारायची थांबली की येऊन बसतो. ही ओळ खोडलेली नव्हती, तिच्याखाली दोनदा रेघ मारली होती. आणि तळाला, तीन वर्षं झाली, अजून कळत नाही. कळल्याशिवाय नाव ठेवणार नाही. तोवर मोठा होऊ देणार नाही, मोठा झाला तर बघायचं राहून जाईल.

मी पलंगावर बसलो. आमच्यात नाव नाही म्हणजे जनावर जाणार. तिच्यात नाव नाही म्हणजे त्याच्यावर अजून डोळा ठेवायचा आहे. जन्मभर एका घरात राहून मला हे ठाऊक नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली आणि तिचं अतोनात कौतुक वाटलं. मी गाईच्या दातावरून तिचं वय सांगतो आणि काम संपलं समजतो. या बाईनं न हलणाऱ्या बोटभर चित्राकडं तीन वर्षं बघितलं होतं, आणि तरी ती म्हणत होती, मला अजून कळत नाही. पारख कुणाला होती हे त्या पलंगावर ठरलं.

वही कपड्यांच्या पिशवीत घालून सांगलीला परत आलो, लेकीला खोलीबाहेर नेलं आणि सगळं कबूल केलं. ती कपाळाला हात लावून म्हणाली, "पप्पा, तुम्ही त्यालाच दिलात?" मग तिनं त्या समोरच्या माणसाला इंग्रजीत लिहिलं. जोडी परत घ्या, आणखी हवा तो ड्रॅगन घ्या, पण तेवढा द्या. उत्तर आलं नाही. एक दिवस गेला, दोन गेले. इकडं मी रोज चुंबळीशी बसून त्या नसलेल्याचं सांगत होतो. तो ओढ्यावर गेला, त्यानं कुंभाराच्या भट्टीपाशी मुक्काम केला. आणि सांगता सांगता वहीतली ती रेघ मारलेली ओळ आठवायची. पहिल्याच दिवशी मी चुकलो होतो. ती औषधांच्या गुंगीत होती, तिच्या लक्षात आलं नसेल, अशी मी मनाची समजूत घातली.

अकराव्या दिवशी उत्तर आलं. लेकीनं फोनवर वाचून दाखवलं. त्या माणसानं विचारलं होतं, याचं एवढं काय आहे? याच्याविषयी तर कुठंच काही लिहिलेलं नाही. मी लेकीला चौदाव्या पानाचा फोटो पाठवला आणि म्हणालो, हे त्याला इंग्रजीत करून धाड, खाडाखोडीसकट. तिनं खोडलेले शब्दही खोडून पाठवले. दुसऱ्या दिवशी सकाळी पिल्लू परत आलं होतं. जोडी त्या माणसानं परत घेतली, वर काही मागितलं नाही. एवढंच लिहिलं होतं, नाव ठेवाल तेव्हा कळवा. कुठल्या मुलखातला माणूस आहे मला ठाऊक नाही, पण त्याला दारी बोलवून जेवू घालावं असं वाटलं.

त्याच दिवशी पालथं झोपायची मुदत संपली. डॉक्टरांनी डोळा तपासला आणि पडदा बसलाय म्हणाले. सहा दिवस गेल्यावर तिला वरच्या बाजूनं दिसायला लागलं. खाली फुग्याची रेघ हलायची, पण रेघेच्या वरचं स्वच्छ दिसायचं. डॉक्टरांनी थोडा वेळ मोबाइल बघायची मुभा दिली. खोलीवर आल्यावर ती पलंगाच्या कडेला बसली, हात पुढं केला आणि मी मोबाइल तिच्या हातात दिला.

तिनं फुग्याच्या रेघेवरून बघितलं. बराच वेळ बघितलं.

"हाय," ती म्हणाली. मग म्हणाली, "मला वाटलं, मेला."

"मेला न्हवता," मी म्हणालो. "मी बदली दिला हुता. परत आणला."

तिनं मोबाइल मांडीवर ठेवला. "मेला असता तर सोसलं असतं. बदली दिला?"

"त्याला नाव न्हवतं."

तिला माझ्या घरची रीत ठाऊक होती. मी विचारलं, तुला कळलं कवा?

"पयल्याच दिशी. तुमी म्हणला, हाक मारली तसा आला. त्यो कवाच येत न्हाई."

"मग रोज इचारत का हुतीस?"

"मेला म्हणून सांगायला तुमाला जड जात असंल, म्हणून गप ऱ्हायले." तिनं पदरानं गाल पुसला, डोळ्याला हात न लावता. "आन् रडायची सोय न्हवती. डोळ्याला पाणी येऊ द्यायचं न्हाई म्हणले हुते डॉक्टर."

म्हणजे इतके दिवस तिच्या लेखी तो मेला होता. मान खाली घालून, डोळ्यात पाणी न आणता, ती माझ्याकडून तो जिवंत असल्याच्या गोष्टी ऐकत होती, मला ओशाळं वाटू नये म्हणून. मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो. डॉक्टरांचा नियम मला लागू नव्हता.

थोड्या वेळानं ती मागून म्हणाली, "पर तुमी सांगत हुता त्यो येगळाच कोन तर हुता. चिमणीवाला. त्याला कुठं ठिवलाय?"

"कुठं न्हाई. त्यो न्हाईच."

"आसं कसं," ती म्हणाली. तिनं पिशवीतून वही काढली, पंधरावं पान उघडलं, पेनाचं टोपण काढलं. "सांगा परत. पयल्यापासनं."

मी खुर्चीवर बसलो. ती सरळ माझ्या तोंडाकडं बघत होती, त्या सुधारलेल्या डोळ्यानं. मी म्हणालो, "त्यो... म्हंजी, चिमणी हुती..." आणि पुढं शब्द निघेना. तिनं थोडा वेळ वाट बघितली. मग पेनाला टोपण लावलं, वही उशाला सारली आणि कोपऱ्यातली चुंबळ उचलून उशीवर ठेवली. डॉक्टरांनी आता पालथं झोपायची गरज नाही म्हणून सांगितलं होतं. तरी ती पालथी झाली आणि कपाळ चुंबळीत टेकवलं.

"हं," ती म्हणाली, आणि मी सांगायला लागलो.